इंदूरमध्ये स्टार्टअप सुरू करताय? कोणतं काम आधी, कोणतं नंतर

राजेंद्रनगरच्या आमच्या घरी कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र आलं त्या दिवशी आईने त्याचं प्रिंटआउट देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं. संध्याकाळी श्रीखंड. त्या वेळी आमच्याकडे ग्राहक शून्य होते, आणि पुढचे पाच महिने शून्यच राहिले. कंपनीचा खर्च मात्र पहिल्या दिवसापासून चालू झाला: सीएची फी, ऑडिट, रिटर्न, बँकेतली किमान शिल्लक. आम्ही क्रम उलटा लावला होता. तुम्ही तो लावू नये म्हणून हे लिहिते आहे.

आमचं काम थोडक्यात असं. सियागंजातल्या किराणा होलसेल पेढ्यांना ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात: कुणी बोलून पाठवतो, कुणी चिठ्ठीचा फोटो टाकतो. त्यातून नीट यादी आणि कच्चं बिल तयार करून देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. तुमचा धंदा वेगळा असेल, पण पहिल्या दोन वर्षांतले खड्डे बहुतेक तेच असतात.

१. आधी अनोळखी माणसाकडून पैसे घ्या

काका, मावसभाऊ, बाबांचे बँकेतले मित्र हे ग्राहक नव्हेत. ते तुमच्या आईबाबांकडे बघून पैसे देतात.

सुरुवातीला मी ज्या ज्या पेढीवर गेले तिथे सगळे ‘बहुत बढ़िया है बेटा’ म्हणाले. मी खुशीत घरी येऊन वहीत टिकमार्क करायचे. इंदूरचा व्यापारी तोंडावर नाही म्हणत नाही, हे मला जन्मापासून इथे राहूनही कळलं नव्हतं, कारण आमच्या घरात तीन पिढ्या नोकरदार. तो चहा मागवतो, घरची चौकशी करतो आणि मग ‘देखते हैं’ म्हणतो. ‘देखते हैं’ म्हणजे नाही. ‘परसों आना’ म्हणजेही नाहीच, फक्त त्यात तुमचं पेट्रोल जातं. ‘कितने का है?’ असा प्रश्न आला तरच वहीत नाव लिहा. त्यामुळे किंमत पहिल्याच भेटीत सांगायची. आम्ही ‘अभी तो फ्री है’ म्हणत राहिलो आणि फुकट वापरणाऱ्या अकरा पेढ्यांपैकी पैसे मागितल्यावर एकही टिकली नाही.

दुसरं, दाखवायला जाण्याआधी बघायला जा. एका पेढीवर मी शनिवारी दिवसभर मुनीमजींच्या शेजारी स्टुलावर बसले. तेव्हा समजलं की ऑर्डर लिहून घेणं ही अडचण नाहीच. अडचण ही की एकाच मालाला दहा नावं आहेत. वेलदोड्याला कुणी छोटी इलायची म्हणतो, कुणी हरी, कुणी नुसतं ‘आठ एमएम’, आणि कुणी ‘वही, जो पिछली बार भेजा था’. हे शेवटचं मुनीमजींना बरोबर कळतं, आमच्या सॉफ्टवेअरला कळत नव्हतं. त्या एका दिवसाने आमचं चार महिन्यांचं काम कचऱ्यात गेलं आणि पुढचं काम मार्गी लागलं.

तिसरं, पंचांग बघा. थट्टा नाही. आम्ही पहिला मोठा प्रचार होळीनंतरच्या आठवड्यात ठेवला. होळीपासून रंगपंचमीपर्यंत या शहरात कुणी नवं काम ऐकून घेत नाही, आणि रंगपंचमीला तर राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते, बाजार बंद. दुसरा प्रयत्न श्राद्धपक्षात. तेव्हा व्यापारी नवी वही काढत नाही, नवं सॉफ्टवेअर कुठून घेणार? त्याउलट दिवाळीच्या आधीचे दिवस उत्तम: नव्या वह्या घ्यायच्याच असतात, त्या ओघात आमचंही निघालं.

आमचा पहिला खरा ग्राहक अशाच वेळी मिळाला. मसाल्याचे व्यापारी, कुणाच्याच ओळखीचे नाहीत. त्यांनी गादीखालून ८०० रुपये काढून दिले आणि म्हणाले, ‘बिल?’ माझ्याकडे बिलबुक नव्हतं. समोरच्या दुकानातून विकत आणलं.

२. तोवर प्रोप्रायटरशिप पुरते

पहिले दहा-पंधरा ग्राहक मिळेपर्यंत एकाच्या नावावर धंदा चालवायला काही हरकत नाही. तुमचा स्वतःचा पॅन चालतो, वेगळी कंपनी लागत नाही. लागतं एवढंच:

- उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केंद्र सरकारकडे नोंद. आधारवर होते, ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. १ जुलै २०२० पासून हीच पद्धत आहे.
- गुमास्ता, म्हणजे दुकान व आस्थापना कायद्याखालची नोंदणी.
- या दोन कागदांवर करंट अकाउंट.

सापळा: उद्यम शोधायला गेलात की सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट पुढे येतात आणि दीड-दोन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर बाहेर पडा. मी पडले नाही.

प्रोप्रायटरशिपची मर्यादाही सांगते. धंदा बुडाला तर कर्ज तुमच्या घरादारापर्यंत येतं, आणि स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता मिळत नाही. ती प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारीला मिळते. म्हणून बाहेरचा पैसा घ्यायचा झाला, भागीदार जोडायचा झाला किंवा मोठ्या ग्राहकाने कंपनीच हवी म्हटलं, की मग कंपनी काढा.

३. भागीदाराशी लेखी बोला, अगदी जवळचा असला तरी

जवळचा असेल तर आधी.

आम्ही तिघं एकाच कॉलेजातले. शेअर तिघांत सारखे वाटले, कारण कमी-जास्त म्हणायची लाज वाटली. आठव्या महिन्यात एकाला हैदराबादला नोकरी लागली. त्याचं काही चुकलं नाही, त्याच्या घरी कर्ज होतं. पण तो गेला तेव्हा कंपनीचा एक तृतीयांश हिस्सा त्याच्या नावावर होता, आणि पुढे कितीही वर्षं आम्ही राबलो तरी तो तसाच राहणार होता. तीन महिने आम्ही नीट बोललो नाही. शेवटी त्याने शेअर दर्शनी किमतीला परत केले. हा त्याचा चांगुलपणा. कागद त्याच्या बाजूने होता.

यावर साधा उपाय आहे, त्याला व्हेस्टिंग म्हणतात. शेअर नावावर असले तरी ते हळूहळू ‘पिकतात’. नेहमीची पद्धत चार वर्षांची: पहिल्या वर्षाच्या आत सोडून गेला तर काही नाही, बारा महिने पूर्ण झाले की २५ टक्के, त्यानंतर दर महिन्याला ४८ वा हिस्सा. न पिकलेले शेअर ठरलेल्या किमतीला परत. हे भागीदारांच्या करारात लिहा, आणि त्याबरोबर आणखी चार गोष्टी: कोण पूर्णवेळ, पगार कधीपासून, कोडची आणि नावाची मालकी कंपनीची की माणसाची, आणि दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा. आमचं शेवटचं कलम लिहिताना सर्वांत जास्त वेळ गेला. जावाच. तो वाद चहाच्या टेबलावर होतो तेव्हा फक्त चहाचे पैसे लागतात.

४. कंपनी नोंदणी

फॉर्मचं नाव स्पाइस प्लस. २०२० पासून तोच आहे. पहिल्या भागात नाव राखून ठेवायचं, दुसऱ्या भागात नोंदणी. त्याबरोबरच पॅन, टॅन (टीडीएस कापण्यासाठीचा क्रमांक), पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) यांचे क्रमांक मिळतात. अर्जाची तपासणी हरियाणात मानेसरला होते, पण नंतर तुमची कंपनी ज्या निबंधकाच्या अखत्यारीत येते ते कार्यालय ग्वाल्हेरला आहे. इंदूरमध्ये ते शोधू नका. आमचे बाबा एका दुपारी शोधून आले.

कागद:

- प्रत्येक संचालकाचा पॅन, आधार, फोटो
- पत्त्यासाठी बँक स्टेटमेंट किंवा मोबाइल बिल, दोन महिन्यांपेक्षा जुनं नको
- डिजिटल सही
- नोंदणीकृत कार्यालयाच्या जागेचं लाइट बिल, तेही दोन महिन्यांच्या आतलं
- जागेच्या मालकाचं ना हरकत पत्र; भाड्याची जागा असेल तर भाडेकरारही

यादी लहान दिसते, अडतं दोन ठिकाणी.

पहिलं, नाव. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. मध्य प्रदेशातल्या शाळांत दहावीच्या मार्कशीटवर बहुतेकांचं फक्त नाव-आडनाव असतं, पॅनवर पूर्ण नाव, आधारवर तिसरंच काही. त्यात ‘ळ’ची गंमत: काळे हिंदीत काले होतात आणि इंग्रजी स्पेलिंगही प्रत्येक कागदावर ज्याने टाइप केलं त्याच्या मर्जीचं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर विचारूच नका. डिजिटल सही काढण्याआधी पॅन आणि आधार एकसारखे करून घ्या. नंतर केलं तर सही पुन्हा काढावी लागते.

दुसरं, लाइट बिल. जुन्या मराठी वस्त्यांतल्या कितीतरी घरांची बिलं अजून आजोबांच्या नावावर येतात, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात. मग ना हरकत पत्रावर सही कुणाची? आमचं घोडं इथेच पाच आठवडे अडलं: आधी महापालिकेत नामांतरण, मग वीज कंपनीत. कंपनी काढायचा नुसता विचार मनात आला असेल तरी हे काम आज सुरू करा. कंपनी नाही काढली तरी घराचा कागद नीट होईल.

नाव निवडताना दोन पर्याय देता येतात. आधी कंपन्यांच्या यादीत शोधा आणि ट्रेडमार्कच्या सार्वजनिक शोधातही बघा. आमचं लाडकं नाव एका नोंदलेल्या ट्रेडमार्कशी मिळतं म्हणून परत आलं. मंजूर झालेलं नाव २० दिवस राखून राहतं, म्हणून लाइट बिलाचा घोळ मिटल्याशिवाय नाव मागू नका.

खर्चाबद्दल: अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर काढू शकते ती मर्यादा, १५ लाखांपर्यंत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाची नोंदणी फी लागत नाही, म्हणून ‘कंपनी फुकट’ अशी जाहिरात दिसते. स्टॅम्प ड्यूटी मात्र राज्याची असते, ती लागते. वर डिजिटल सही आणि सीएची फी. सीएला पहिल्या भेटीत नोंदणीची फी विचारू नका, वर्षभराची विचारा.

५. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचे १८० दिवस

श्रीखंड संपलं की लगेच:

- ३० दिवसांच्या आत संचालक मंडळाची पहिली बैठक आणि पहिल्या ऑडिटरची नेमणूक. तुम्ही दोघंच असलात तरी बैठकीचं टिपण लिहायचं.
- कंपनीच्या नावाने करंट अकाउंट. बँकेचा माणूस जागा बघायला येतो. दारावर नावाची पाटी हवी. पाटी तशीही कायद्याने सक्तीची आहे, आणि तिच्यावर नाव स्थानिक भाषेच्या लिपीतही असलं पाहिजे. म्हणजे आपल्याकडे देवनागरीत.
- शेअरचे पैसे प्रत्येकाने आपापल्या खात्यातून कंपनीच्या खात्यात भरायचे. रोख नाही, बाबांच्या खात्यातून नाही.
- ते झालं की व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र, आयएनसी-२०ए, नोंदणीपासून १८० दिवसांच्या आत.

हा शेवटचा सगळ्यांत मोठा सापळा. चुकला तर कंपनीला ५०,००० रुपये दंड, संचालकांना रोजचे १,००० वेगळे, आणि कंपनीचं नाव निबंधकाच्या पटावरून काढलं जाऊ शकतं. १८० दिवस खूप वाटतात. आमचं खातं उघडायलाच दोन महिने गेले, त्यानंतर एकाचे शेअरचे पैसे राहून गेले, आणि घोषणापत्र शेवटच्या आठवड्यात गेलं. नोंदणीच्या दिवशीच मोबाइलमध्ये शंभराव्या दिवसाचा गजर लावा.

याच काळात फोन सुरू होतील. आयएसओ प्रमाणपत्र घ्या, ट्रेडमार्क ‘अर्जंट’ करा, सरकारी अनुदान मिळवून देतो. तुमचा नंबर नव्या संचालकांच्या यादीतून गेलेला असतो. सरळ ठेवून द्या. ट्रेडमार्कचा अर्ज मात्र खरंच करा: व्यक्ती, मान्यताप्राप्त स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. उद्यम नोंदणी इथे पहिल्यांदा पैसे वाचवते.

६. जीएसटी: खात्यातला तो पैसा तुमचा नाही

सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची. त्याआधी स्वेच्छेने घेता येते, आणि व्यापारी ग्राहक बहुधा जीएसटीचं बिल मागतोच, कारण त्याला क्रेडिट मिळतं, म्हणजे तुम्हाला दिलेला कर त्याच्या करातून वजा होतो. पण एकदा नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावं लागतं.

आता खरी गोष्ट. तुम्ही १०,००० चं बिल केलंत, वर १८ टक्के म्हणजे १,८००. बिल ज्या महिन्यात केलं त्याच्या पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरायचा, ग्राहकाने पैसे दिले असोत वा नसोत. आम्ही वर्षाखेरीला उत्साहात २३ बिलं एकदम काढली. एप्रिलच्या २० तारखेला त्यांतल्या फक्त नऊ जणांचे पैसे आले होते, कर तेविसांचा भरला. पुढच्या काळाची वर्गणी मागताना आम्ही आता आधी प्रोफॉर्मा, म्हणजे नुसतं मागणीचं कच्चं बिल, पाठवतो आणि पैसे आले की पक्कं बिल करतो. आणि जीएसटीचा पैसा येताक्षणी दुसऱ्या खात्यात सरकवतो. नाहीतर तो पगारात जातो. आमचा एकदा गेला.

७. उधारी

इथला बाजार उधारीवर चालतो, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. लहान ग्राहकाकडून आगाऊ घ्या, रक्कम लहान ठेवा. महिन्याचे ८०० आगाऊ देणारा माणूस वर्षाचे ९,६०० उधार ठेवणाऱ्यापेक्षा चांगला.

मोठ्या ग्राहकासाठी कायदा हाताशी आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाने माल बनवून दिला किंवा सेवा दिली तर पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ पासून, वेळेत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात मिळत नाही. अशा थकबाकीची सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मी कधी केली नाही. ज्याच्या गादीवर पुन्हा जायचं आहे त्याच्यावर कोण करणार? पण बिलावर उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ छापली, त्यानंतर पीथमपूरच्या एका कारखान्याच्या अकाउंट विभागाने मार्च उजाडताच स्वतःहून फोन केला.

८. मान्यता, अनुदान, गुंतवणूक

केंद्राची स्टार्टअप मान्यता मोफत आहे आणि अर्ज स्वतः करता येतो. काय नवीन करता हे साध्या भाषेत लिहा; आमचा पहिला अर्ज मोठमोठ्या शब्दांमुळे परत आला, दुसऱ्यात वेलदोड्याची गोष्ट लिहिली. करसवलतीसाठी वेगळा अर्ज आहे, आणि नफा होत नाही तोवर त्याची घाई नाही.

एक लक्षात ठेवा: सगळी घड्याळं कंपनीच्या नोंदणीच्या तारखेपासून चालू होतात. मान्यतेची दहा वर्षं तिथून. सुरुवातीच्या भांडवलासाठीच्या केंद्राच्या २०२१ च्या सीड फंड योजनेत अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांहून जुनी नसावी अशी अट होती. आम्ही ग्राहकाविना घालवलेले पाच महिने त्यातूनच वजा झाले.

गुंतवणूकदाराकडे जाताना हातात किती महिने आहेत ते मोजा. खात्यात ६,४०,००० असतील, त्यातले ४०,००० जीएसटीचे, महिन्याचा खर्च ७५,००० तर तुमच्याकडे आठ महिने आहेत. येणं असलेली उधारी यात धरायची नाही. सहा महिने उरले की शोध सुरू करा, दोन उरल्यावर नाही. आणि अटी वाचा. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले होते. तसा सावकार आता मिळत नाही. आताचा पाच-सात वर्षांत परत मागतो.

त्याला दाखवायला आम्ही कोणते आकडे ठेवले? ॲप किती जणांनी उतरवलं हा नाही. दुसऱ्या महिन्याचे पैसे न मागता किती जणांनी दिले, आणि किती जणांनी शेजारच्या पेढीला सांगितलं. पहिली शिफारस आली तेव्हा आमचे चौदा ग्राहक होते. मालाच्या दहा नावांचं कोडं ज्यांच्याकडे पहिल्यांदा बघितलं, त्या मुनीमजींनीच ती केली होती.

९. बंद करायची झाली तर

हे कुणी सांगत नाही. कंपनी नुसती सोडून दिली तर ती मरत नाही. वार्षिक हिशेब आणि विवरणपत्र भरलं नाही तर प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये वाढत जातात, आणि सलग तीन वर्षं न भरल्यास संचालक अपात्र ठरतात. मग पुढचा चांगला धंदा सुचला तरी त्यात संचालक होता येत नाही.

रीतसर रस्ता असा: बाकीची रिटर्न भरा, देणी फेडा, बँक खातं बंद करा, जीएसटी रद्द करा आणि पटावरून नाव काढण्याचा एसटीके-२ हा अर्ज करा. त्याची सरकारी फी १०,००० रुपये. २०२३ पासून हे अर्जही मानेसरलाच एका वेगळ्या केंद्रात निकाली निघतात. हे १०,००० सुरुवातीलाच बाजूला ठेवा, जीएसटीच्या पैशाशेजारी. आमचे अजून तिथेच आहेत.